मारुती ८०० (२००४, एमपीएफआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवाली): सेल्फ (स्टार्टर) 'टक्' करून थांबतो, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा आवाज येत नाही. वायरिंग कुठून तपासू?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची मारुती ८०० रत्नागिरीत अजून रोजच्या वापरात आहे. यंदाच्या पावसाळ्यापासून दोन दुखणी लागली आहेत. कधी सेल्फ रडतखडत फिरतो, कधी नुसता 'टक्' करून गप्प. आणि कधी सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण गाडी पेटत नाही. तेव्हा चावी ऑन केल्यावर मागून पंपाची जी बारीक घरघर येते ती येत नाही. बॅटरी नवी आहे. गॅरेजवाले म्हणतात सेल्फ आणि पंप दोन्ही बदला. दुसरे एक जण डॅशबोर्डवर स्विच लावून पंप डायरेक्ट करून देतो म्हणाले. गाडी विकायची नाही, बाबांचा तिच्यावर फार जीव आहे. कुठून सुरुवात करू? मल्टीमीटर कोणता घेऊ?

तांब्याची तार:
साधा डिजिटल मीटर पुरेल, महागडा नको. आणि मोजमाप होईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत वीस वर्षं काढलेल्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिनाला आणि बॉडीला जोडणाऱ्या वायरींवर घ्यायचा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. आता खरी परीक्षा: मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. तसंच प्लस खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथे ०.५ पर्यंत चालेल. त्याहून जास्त आला तर तेवढा व्होल्टेज वायरीतच खर्च होतोय, सेल्फ बिचारा उपाशी आहे.

दोन्ही आकडे चांगले, बॅटरीही खाली जात नाही आणि तरी 'टक्' येतो, असं असेल तर बहुधा सोलेनॉइडच्या (सेल्फला जाड करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) आतले कॉन्टॅक्ट जळालेत. आणि 'टक्' सुद्धा येत नसेल तेव्हा सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर मोजा. तिथे १२ च्या जागी ८-९ दिसले तर इग्निशन स्विच झिजलाय.

पंपाचं म्हणाल तर चावी ऑन केली की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) ओढून पंप दोन-तीन सेकंद चालवतो, मग इंजिन फिरतंय असा सिग्नल आला तरच पुढे चालू ठेवतो. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत ईसीएमची अर्थ वायर इंजिनाच्याच अंगावर येते. म्हणजे तिथली अर्थ सडली की दोन्ही दुखणी एकाच मुळातून येऊ शकतात.

घाटमाथा:
डायरेक्ट स्विचला स्पष्ट नाही म्हणा! अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीएम पंप बंद करतो. डायरेक्ट केलेला पंप पाइप तुटला तरी पेट्रोल ओतत राहतो, तेही गरम इंजिनावर. बाबा चालवतात ना ही गाडी? मग हा विषयच नको. दुसरं, टाकी रिझर्व्हवर ठेवायची सवय असेल तर सोडा. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो.

खाडीकाठ:
मोजलं. सेल्फ मारताना मायनस खुंटी ते ब्लॉक १.६ व्होल्ट! प्लसकडे ०.३. गिअरबॉक्सवरचा अर्थ बोल्ट उघडला तर लगखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवी पावडर, आणि वायर लगजवळ नुसती कवचावर टिकलेली, आतली तांब्याची तार काळी. नवी जाड केबल टाकली, जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, वरून व्हॅसलीन. आता सेल्फ एका फटक्यात फिरतो, बाबा दोनदा बॉनेट उघडून बघून गेले. पंप मात्र अजून मधूनच गप्प. कनेक्टर सोडवून मोजला तर चावी ऑन करताच १२ येतात. मग पंपच गेला ना?

तांब्याची तार:
फार छान काम केलंत. पण पंपाचा निकाल इतक्यात लावू नका. कनेक्टर सोडवला की करंट वाहत नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा १२ दाखवते. कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने पिन घालून प्लस आणि अर्थ दोन्हींमध्ये मोजा. पंप चालू व्हायच्या त्या दोन-तीन सेकंदांत ११ च्या वर मिळूनही पंप गप्प असेल तर पंप गेला. ६-७ मिळाले तर मीटर अर्थ पिन ते बॅटरी मायनस लावा. तिथे व्होल्टेज दिसला तर मागची बॉडी अर्थ खराब, नाही दिसला तर रिलेचा सॉकेट तपासा, पिना हिरव्या किंवा तपकिरी झाल्यात का बघा. टाकीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर तिथे काही जोडू-सोडवू नका, गाडी उघड्यावर काढा आणि बॅटरीचा मायनस आधी सोडा. रिले बदलायचा झालाच तर जुना सोबत घेऊन दुकानात जा, पिनांची मांडणी जुळवूनच घ्या.

खाडीकाठ:
उद्या सकाळी उजेडात मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.