अनुभव धागा: हायस्कूलची मुलं आणि खरं काम

आठवी ते दहावीच्या मुलांना पुढे नोकरी-धंद्यात उपयोगी पडेल असं काही तुम्ही शिकवलंय का? किंवा त्या वयात तुम्हाला कुणी शिकवलं? मार्कांचं नको, कामाचं सांगा. सुरुवात मी करते.

मी शिरूर तालुक्यात हायस्कूलला शिकवते. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था सुरू केली. तिथून आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आमच्याकडे आहे. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य, आळीपाळीने. गावातली कामंही घेतो.

नववीच्या मुलींनी एका काकूंना कोंबड्यांचा पिंजरा करून दिला. अँगल, जाळी, वेल्डिंग रॉड, रंग, सगळ्याची बेरीज करून पैसे सांगितले. काकूच म्हणाल्या, “आणि तुमच्या कष्टाचं गं?” मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मजुरी धरायची असते हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं होतं! मग काकूंनी दार उघडून दाखवलं, ते खाली घासत होतं. मुलींनी बिजागरी कापून परत लावली. तेव्हापासून कापायच्या आधी माप दोनदा घेतात, मी न सांगता.

*

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, म्हणजे धातू कातायच्या मशीन. दहावी झालेली पोरं कामाला येतात. शाळेतल्या व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, कमीत कमी ०.१ मिमी मोजता येतं, आमच्याकडच्याने ०.०२. ते चार दिवसांत जमतं. जमत नाही ते चुकलेलं सांगणं. एका पोराने बारा पीस अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा बारीक, काढले आणि ट्रेमध्ये चांगल्या मालाखाली ठेवले. मी विचारलं, कधी कळलं? म्हणाला, दुसऱ्या पीसला. म्हणजे दहा वाचले असते! पोरगा प्रामाणिक होता, नुसता घाबरलेला. आता पहिला पीस झाला की मशीन थांबवून मला दाखवायचा, हा नियमच केलाय. सर-मॅडमना हात जोडून सांगतो, स्वतःहून ‘चुकलं’ म्हणणाऱ्या पोराला शाळेत ओरडू नका.

*

वर ताईंनी सांगितलेला ‘मूलभूत तंत्रज्ञाना’चा विषय माझ्या शाळेतही होता. रक्तगट तपासायचा तास आठवतो. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, त्यात तपासणीची द्रावणं: निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि बिनरंगी अँटी-डी. मला रक्त बघून घेरी आली. बाईंनी खाली बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तू नोंदवही लिही.” वर्गात एकाच नावाच्या दोघी होत्या. मी वडिलांचं नाव लिहिलं नाही, गट कुणाचा कोणता ते कळेना. दोघींची बोटं परत टोचावी लागली. एक रडली. आज मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. पेशंटकडून पूर्ण नाव वदवून घेतल्याशिवाय ट्यूबवर लेबल लावत नाही, रांग कितीही असो.

*

आमच्या दहावीतल्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं येतं, पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की आईला पुढे करायचा. मे महिन्यात घराचं रंगकाम काढलं तेव्हा दुकानदाराशी आणि रंगाऱ्याशी बोलायचं काम त्यालाच दिलं. पहिल्या फोनआधी त्याने वहीत वाक्यं लिहून घेतली होती. तिसऱ्या दिवशी वही लागली नाही.

*

भोसरीच्या दादांना विचारते, आमच्या मुलींना एक दिवस तुमच्याकडे आणू का? त्यांना चुकलेला पीस हातात घेऊन मोजायचाय.

*

आणा की ताई! फक्त गुरुवार नको, आमची सुट्टी असते. बंद बूट हवेत, वेण्या घट्ट बांधून, ओढणी नको. ते बारा पीस अजून ठेवलेत मी.