कॉन्ट्यूमसी : हट्ट, मुजोरी की अवज्ञा?

एका निकालपत्राचा अनुवाद करतेय. त्यात 'कॉन्ट्यूमेशस' (contumacious, म्हणजे 'कॉन्ट्यूमसी'चं विशेषण) हा इंग्रजी शब्द तीनदा आलाय. कोशात 'हट्टी, आज्ञा न पाळणारा' एवढंच सापडलं. 'हट्टी वर्तन' लिहिलं की खेळण्यासाठी अडून बसलेलं पोर डोळ्यासमोर येतं. काय लिहू?

—

हट्ट नकोच. हट्टाला समोर कुणी लागत नाही, माणूस एकटासुद्धा हट्टाने उपाशी राहतो. कॉन्ट्यूमसीला हुकूम देण्याचा अधिकार असलेलं कुणीतरी लागतं, आणि तो हुकूम कळूनसवरून न जुमानणारा लागतो. शब्द रोमन कायद्यातून आला: बोलावणं पोचूनही न्यायालयात न येणारा, तो असा. इंग्लंडमध्ये चर्चच्या न्यायालयांत तो मुरला. अशा माणसाला तिथे धर्मबहिष्कृत करत. १८१३च्या कायद्याने ते थांबलं आणि त्याजागी अटकेचा हुकूम आला. पूजाविधीत धूप, मेणबत्त्या, झगे वापरल्याबद्दल खटला झालेले लंडनचे पाद्री आर्थर टूथ १८७७मध्ये तुरुंगात गेले, ते धुपासाठी नव्हे, न्यायालयाची मनाई न जुमानल्यासाठी.

आपल्या १९७१च्या न्यायालय अवमान अधिनियमात दिवाणी अवमानाच्या व्याख्येत साधं 'विलफुल डिसओबिडियन्स', म्हणजे हेतुपुरस्सर आज्ञाभंग, आहे. कॉन्ट्यूमेशस येतो तो न्यायाधीशांच्या लेखणीतून.

(शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या स्वगतातला 'कॉन्ट्यूमली' वेगळा बरं का. तो उर्मट अपमान.)

—

मग 'मुजोरी' का नको?

—

मुजोरीला तोंड असतं. कॉन्ट्यूमसी मुकीही चालते: नोटीस घ्यायची, पोचपावतीवर सही करायची आणि घरी बसायचं. खरं तर 'हुकूम धाब्यावर बसवणं' याच्याइतकं नेमकं काही नाही. धाबं म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर; कागद उचलून तिथे टाकला की विषय संपला! पण निकालपत्रात ते शोभणार नाही. मी 'बेमुर्वत अवज्ञा' लिहीन. 'विलफुल अँड कॉन्ट्यूमेशस' अशी जोडी आली तर 'हेतुपुरस्सर आणि बेमुर्वत'. नुसतं 'हेतुपुरस्सर' लिहिलंत तर दुसरा शब्द गिळल्यासारखा होतो.

—

दोन ठिकाणी 'बेमुर्वत' छान बसलं. तिसरं वाक्य नीट वाचलं तर नकारार्थी निघालं: प्रतिवादीने रक्कम भरली नाही, पण त्याचं खातंच गोठवलेलं होतं, म्हणून वर्तन कॉन्ट्यूमेशस नव्हे. तिथे मी कच्च्या खर्ड्यात 'वर्तन हट्टी नव्हते' लिहून ठेवलं होतं. आता खोडलं.