मदत हवी आहे: १६एस एक सांगते आणि जीनोम दुसरेच, स्ट्रेप्टोमायसिसची जात कशी ठरवावी?

रानमाती
नमस्कार. मुळशीकडच्या जंगलातील मातीतून वेगळा केलेला माझा एक स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस या रोगजंतूची वाढ चांगली रोखतो. जीवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या १६एस जनुकाचा क्रम चार जातींशी ९९.६ टक्क्यांहून अधिक जुळल्यामुळे जात ठरेना, म्हणून संपूर्ण जीनोमचे सिक्वेन्सिंग करून घेतले. आता एएनआय (दोन जीनोममधील सरासरी साम्य) ९७.१ टक्के येतो, पण तो त्या चारांपैकी कोणाशीही नसून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या पाचव्याच नावाशी येतो. अँटिस्मॅश या संगणक-साधनाने प्रतिजैविकांसारखी संयुगे बनवणारे ५८ जनुकसमूह दाखवले आहेत. प्रबंध तीन आठवड्यांत द्यायचा आहे. मी कोणते नाव लिहावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कोडवाचक
एवढ्या माहितीवर नाव सांगता येणार नाही. असेंब्लीचा (तुकडे जोडून बनवलेल्या जीनोमचा) एकूण आकार, कॉन्टिगची (जोडलेल्या सलग तुकड्यांची) संख्या आणि जीसीचे (डीएनएतील जी व सी अक्षरांचे) प्रमाण किती आहे? वाचने (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) कोणत्या यंत्राची आहेत? आणि ग्रिसियसचा जो जीनोम आपण घेतला, तो टाइप स्ट्रेनचा (जातीच्या नावाचा अधिकृत आधार असलेल्या वाणाचा) होता का? सार्वजनिक संग्रहातील नाव जमा करणाऱ्याने दिलेले असते, त्यामुळे टाइप स्ट्रेन सोडून इतर कोणाशी केलेल्या तुलनेवरून जात ठरवू नये.

निवृत्त_किण्वक
मी आयुष्यभर किण्वन विभागात काम केले. नावामागे एवढे धावू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. रिफामायसिन हे प्रतिजैविक देणारा जीवाणू आधी स्ट्रेप्टोमायसिस मेडिटेरानी होता, १९६९ मध्ये तो नोकार्डिया झाला आणि १९८६ मध्ये अमायकोलाटॉप्सिस झाला. औषध मात्र तेच राहिले. आमच्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडले, तेही प्लेटवरची वाढ, बीजाणूंच्या साखळ्या आणि रंग पाहणाऱ्या माणसांच्या हातून. आधी संयुग शुद्ध करा.

कोडवाचक
काका, आपल्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो, की आपलेच उदाहरण उलट बाजूने बोलते. तो जीवाणू दिसण्यावरून स्ट्रेप्टोमायसिसमध्ये टाकला गेला. पेशीभित्तिकेचे रसायन वेगळे निघाले म्हणून त्याला तिथून हलवावे लागले, आणि मायकोलिक आम्ले (पेशीभित्तिकेतील मेदाम्ले) नाहीत म्हणून पुढे नोकार्डियातूनही काढावे लागले. शिवाय नाव नीट ठरले, तर जवळच्या जातींना आधीच माहीत असलेले संयुग पुन्हा शोधण्यात वर्षे जात नाहीत.

बांधावरून
माझ्या हरभऱ्यावर मर रोग आहे. हा जीवाणू गुळाच्या पाण्यात वाढवून आळवणी केली तर चालेल का?

लांबवाचन
दादा, चाचणी न झालेला जीवाणू कृपया शेतात सोडू नका. मर रोगासाठी कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. मूळ प्रश्नाबाबत म्हणाल, तर लहान वाचनांवर वेळ घालवू नये, नॅनोपोरवर (लांब वाचने देणाऱ्या यंत्रावर) पुन्हा सिक्वेन्सिंग करावे. स्ट्रेप्टोमायसिसचे गुणसूत्र रेषीय असते, पॉलिकेटाइड या वर्गातील संयुगांच्या जनुकांत जवळजवळ सारखे भाग पुन्हा पुन्हा येतात, आणि १५० अक्षरांची वाचने तिथे हमखास तुटतात. मग एकच जनुकसमूह तीन-चार तुकड्यांत मोजला जातो.

रानमाती
या गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या नाहीत म्हणून लिहिल्या नव्हत्या. वाचने इल्युमिनाची (लहान वाचने देणारे यंत्र), दोन्ही टोकांकडून १५० अक्षरांची. कॉन्टिग १,१४०, आकार १.२६ कोटी अक्षरे, जीसी ६३ टक्के. टाइप स्ट्रेनचे पाहिले नव्हते.

कोडवाचक
खरी अडचण इथे आहे. स्ट्रेप्टोमायसिसचा जीनोम साधारण ८० लाख ते १ कोटी अक्षरांचा आणि जीसी ७० ते ७३ टक्के असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम ८६.७ लाख अक्षरांचा आणि ७२ टक्के जीसीचा आहे. आपल्या नळीत कमी जीसीचा दुसरा जीवाणू असावा, बहुधा बॅसिलस. एएनआय फक्त जुळणारे तुकडे मोजतो, त्यामुळे ही भेसळ त्यात दिसली नाही. जीनोममधील भेसळ मोजणारे चेकएम चालवा. आणि लांबवाचन, त्याच नळीतला डीएनए नॅनोपोरवर दिला तर भेसळच लांब वाचनांत मिळेल.

लांबवाचन
हे मान्य आहे. आधी शुद्ध वाण आणि मगच नॅनोपोर, असे म्हणायला हवे होते.

रानमाती
चेकएमने भेसळ ९० टक्क्यांहून अधिक दाखवली. जीसीनुसार कॉन्टिग वेगळे केल्यावर एका बाजूला ८५ लाख अक्षरे ७१.८ टक्क्यांची आणि दुसऱ्या बाजूला ४१ लाख अक्षरे बॅसिलसची निघाली. मी घेतलेला ग्रिसियस टाइप स्ट्रेन नव्हता. खऱ्या टाइप स्ट्रेनशी एएनआय ८८ टक्केच आहे. त्या चार जातींपैकी सर्वांत जवळच्या टाइप स्ट्रेनशी तो ९४.२ टक्के आणि डिजिटल डीडीएच (जीनोम-साम्याचे दुसरे माप) ५६ टक्के येतो. म्हणजे ही नवी जात समजायची का?

कोडवाचक
एक जात मानण्यासाठी एएनआय ९५-९६ आणि डीडीएच ७० टक्के लागतो, या दोन्ही सीमांच्या आपण खाली आहात, पण फक्त चारच टाइप स्ट्रेन पाहिले आहेत. शुद्ध वाणाचा जीनोम टीवायजीएस या ऑनलाइन सेवेवर देऊन सर्व टाइप स्ट्रेनशी तुलना करा. नव्या जातीसाठी वाण दोन देशांतील संग्रहांत जमा करावा लागतो. पुण्यात त्यासाठी राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. तीन आठवड्यांत हे होणार नाही. प्रबंधात 'स्ट्रेप्टोमायसिस, जात अनिश्चित' असे लिहून आकडे द्यावेत आणि जनुकसमूहांची ५८ ही संख्या काढून टाकावी.

निवृत्त_किण्वक
ताई, आता माझा प्रश्न ऐका. स्टॅफिलोकॉकसला नेमके कोण रोखते आहे? बॅसिलसही प्रतिजैविके बनवतो. तापवून शुद्ध करू नका, बॅसिलसचे बीजाणू उष्णतेत तगतात आणि तुमचा स्ट्रेप्टोमायसिसच मरेल. पूर्ण पिकलेल्या कोरड्या वसाहतीच्या वरच्या पावडरीला लूप हलकेच टेकवा, अगरला लागू देऊ नका, पातळ करून पसरवा आणि सुट्या वसाहती घ्या. असे तीनदा करा आणि दोघांची चाचणी वेगवेगळी लावा.

रानमाती
काका, हे मनात आले नव्हते आणि माझे पूर्ण तिसरे प्रकरण यावरच उभे आहे. आज पहिली प्लेट लावली. मार्गदर्शकांना मुदतवाढीचा अर्ज दिला आहे. दोन्ही वाणांच्या चाचणीचा निकाल इथेच लिहीन.