८० टक्क्यांचा पॉलिमर लोअर घ्यावा का? (सध्या टेक्सास, पुढे न्यू जर्सी)

ऑस्टिनकर
एआर-१५ रायफल सुट्या भागांतून स्वतः जोडायची आहे. एका साइटवर पॉलिमरचा अर्धवट लोअर रिसीव्हर (ट्रिगर बसतो तो रायफलचा खालचा सांगाडा) दिसला. एकाच खोक्यात जिग (भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा) आणि ड्रिलचे बिट, सिरीयल नंबर नाही, बॅकग्राउंड चेकही नाही, थेट घरपोच. घरात ड्रिल प्रेस आहे. माझं ग्रीन कार्ड आहे, बायको अजून एच-१बी वर. वर्षभरात एडिसनला बदली व्हायची शक्यता दाट आहे.
विचारायचं ते असं: हे कायद्यात बसतं का? पॉलिमर टिकतं का? न्यू जर्सीला नेता येईल का? आणि डिसेंबरमध्ये पुण्याला जाताना एखादा रिकामा लोअर भावाला दाखवायला नेला तर?

कागदी वाघ
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नको. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहीलच.

१९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टप्रमाणे रिसीव्हर म्हणजेच बंदूक. बॅरल, बोल्ट, ट्रिगर, स्टॉक हे सगळं फेडरल कायद्याने पार्सलने घरी येऊ शकतं. एआर-१५ मध्ये कागदपत्रं लागतात ती लोअरला. '८० टक्के' हा आकडा विक्रेत्यांचा, कायद्यात तो कुठेच नाही. माल अजून रिसीव्हर झालेलाच नाही, सबब ती बंदूक नाही, एवढ्या युक्तिवादावर हा धंदा चालला.

एटीएफचा (बंदुकांवर देखरेख करणारी फेडरल यंत्रणा) नवा नियम २६ एप्रिल २०२२ ला प्रसिद्ध झाला आणि २४ ऑगस्टपासून लागू झाला. अर्धवट रिसीव्हर 'सहज' पूर्ण करता येण्यासारखा असेल तर तो रिसीव्हरच धरायचा. वेळ किती, कसब किती, हत्यारं कोणती हे तर बघतातच, शिवाय त्यासोबत काय दिलंय तेही बघतात: जिग, टेम्पलेट, सूचना, जाहिरातीतला मजकूर. नुसता ठोकळा आणि तोच ठोकळा जिगसकट, यांचं वर्गीकरण वेगळं होऊ शकतं. तुम्ही सांगितलेला संच म्हणजे नेमका दुसरा प्रकार. असा माल विकणाऱ्याकडे परवाना हवा, मालावर सिरीयल नंबर हवा आणि तुमच्याकडून फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल अर्ज) भरून घ्यायला हवा. यातलं काहीच होत नसेल तर विक्रेता नियम मोडतोय किंवा साइटच बोगस आहे.

सुप्रीम कोर्टाने २६ मार्च २०२५ ला, बॉन्डी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक खटल्यात, हा नियम सात विरुद्ध दोन मतांनी टिकवला. निकाल न्या. गोर्सच यांनी लिहिला, थॉमस आणि अलिटो विरोधात. लोक इथे घाई करतात. कोर्टाने नियम सरसकट रद्द करायला नकार दिला. प्रत्येक ठोकळ्याचा निवाडा केलेला नाही. कुठला माल रेषेच्या अलीकडे, कुठला पलीकडे, हे वाद पुढे चालू राहू शकतात. त्यात आपण कशाला सापडायचं?

स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला फेडरल परवाना लागत नाही हे खरं आहे. पण ज्याला मुळात बंदूक बाळगायची मुभा आहे त्याच्यापुरतंच, विकायच्या धंद्यासाठी नाही. आणि राज्याचा कायदा आडवा येत नसेल तरच.

पारसिपनीचा पोपट
राज्याचं मी सांगतो. न्यू जर्सीने नोव्हेंबर २०१८ मध्येच हा रस्ता बंद केला. सिरीयल नंबर नसलेली बंदूक बनवण्यासाठी भाग विकत घेणं हाच तिथे गुन्हा आहे. ऑस्टिनला कायदेशीर होतं, ही सबब न्यू जर्सीच्या हायवेवर चालत नाही. न्यूयॉर्कने ऑक्टोबर २०२१ मध्ये, इलिनॉयने मे २०२२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने जून २०२२ मध्ये आपापले कायदे कडक केले. आयटीतल्या माणसाची बदली याच राज्यांत होते, हेही लक्षात घ्या.

सिरीयल नंबरवाली एआर-१५ सुद्धा न्यू जर्सीत सरळ नेता येत नाही. 'असॉल्ट फायरआर्म'ची व्याख्या, मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा आणि त्या सगळ्यावर कोर्टात चाललेले वाद, असा गुंता आहे. सामान ट्रकमध्ये चढवण्याआधी तिथल्या वकिलाकडून लेखी मत घ्या. बदली नक्की होणार असेल तर आत्ता काही न घेणंच शहाणपणाचं.

लोहारगल्ली
पॉलिमरचं बोलू. गोळी सुटतानाचा दाब बॅरल एक्स्टेन्शन आणि बोल्टचे लग (दाते) पेलतात, आणि ते दोन्ही अपरमध्ये, म्हणजे रायफलच्या वरच्या अर्ध्यात. लोअर ट्रिगर, मॅगझिन आणि बफर ट्यूब (स्टॉक ज्यावर बसतो ती मागची नळी) धरून ठेवतो. त्यामुळे पॉलिमरचा लोअर चालूच शकत नाही असं नाही. परवानाधारक कंपन्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे पूर्ण तयार लोअर सिरीयल नंबरसकट विकतात.

पण मूळ डिझाइन अॅल्युमिनियमचं आहे, आणि प्लास्टिकमध्ये तेच आकार जसेच्या तसे उतरवले की ठरलेल्या जागी बोंब होते. पहिली जागा बफर ट्यूब जिथे आट्यांत बसते ते मागचं कडं. रायफल स्टॉकवर आपटली की सगळा तरफेसारखा जोर त्या पातळ कड्यावर येतो आणि मुळाशी तडा जातो. चांगल्या पॉलिमर लोअरमध्ये तिथे मुद्दाम जाडी वाढवलेली दिसेल. बफर ट्यूब कसणारा कॅसल नट आवळतानाही भान हवं. अॅल्युमिनियमसाठी ३८ ते ४२ फूट-पौंड सांगतात. प्लास्टिकवर तो आकडा वापरू नका, बनवणाऱ्याच्या पत्रकातला घ्या. ग्रिपच्या स्क्रूचे आटे प्लास्टिकमध्ये लवकर झिजतात, तेही तपासत राहा.

खरी भीती हॅमर आणि ट्रिगरच्या पिनांची. दर गोळीला हॅमरचा झटका त्याच दोन भोकांच्या कडांवर बसतो. भोक हातभर चुकीचं असावं लागत नाही, जरासं तिरकं असलं तरी हॅमर आणि ट्रिगरची पकड बदलते. मग सेफ्टी लावलेली असताना हॅमर सुटतो, नाहीतर एका दाबात दोन गोळ्या जातात. प्लास्टिकमध्ये भोक हळूहळू लांबट होतं, म्हणजे आज बरोबर चाललेली रायफल उद्या चालेल याची हमी नाही. घरी कोरलेल्या पॉलिमर लोअरला माझा नकार आहे तो यासाठी. कोरायची मापं मी इथे देणार नाही, विचारू नका.

ऑस्टिनकर
पटलं. मग तयार सिरीयलवाला लोअर घेऊन बाकीचं जोडलं तर? आणि बायकोच्या एच-१बी चं काय?

लोहारगल्ली
तोच मार्ग. फोर्ज केलेला (ठोकून घडवलेला), ७०७५-टी६ अॅल्युमिनियमचा रिकामा लोअर साधारण ५० ते १०० डॉलरच्या घरात मिळतो. ऑनलाइन घेतला तरी तो तुमच्या जवळच्या एफएफएल (फेडरल परवाना असलेल्या) दुकानात येतो, तिथे ४४७३ आणि चेक होऊन हातात मिळतो. रायफल १८ व्या वर्षी मिळते, पण नुसता रिसीव्हर फॉर्मवर 'इतर' प्रकारात जातो म्हणून २१ पूर्ण लागतात.

जोडताना सगळ्यात जास्त मोडतो तो ट्रिगर गार्डचा कान. रोल पिन ठोकताना कानाखाली लाकडाचा टेकू दिला नाही तर कान तुटतो आणि लोअर भंगारात. बॅरल १६ इंचांपेक्षा आखूड घेऊ नका, रायफलची एकूण लांबी २६ इंचांच्या खाली जाऊ देऊ नका. नाहीतर नोंदणीचा वेगळाच कायदा लागू होतो. अपर नसताना हॅमर मोकळा सोडू नका, तो पुढच्या भिंतीवर आणि बोल्ट कॅचवर आदळतो. अंगठ्याने धरून खाली आणा.

जोडून झाल्यावर, मॅगझिन काढून आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने रिकामं असल्याची खात्री करून: कॉक करा (हॅमर मागे अडकवा), सेफवर ट्रिगर दाबा, हॅमर पडता कामा नये. ट्रिगर सोडून फायरवर न्या, तेव्हाही पडता कामा नये. आता दाबा, पडला पाहिजे. ट्रिगर दाबलेलाच ठेवून पुन्हा कॉक करा, मग ट्रिगर सावकाश सोडा. टक् आवाज येऊन हॅमर अडलेलाच राहायला हवा. यातलं एकही चुकलं तर रेंजवर नेऊ नका, गनस्मिथकडे न्या.

कागदी वाघ
नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. ग्रीन कार्डचा अर्ज पडलाय म्हणून सूट मिळत नाही. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि इमिग्रेशनचं नुकसान वेगळं. मुख्य अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. वहिनींकडे तो नसेल तर सेफचा कोड आणि किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवा. 'माझी नाही, नवऱ्याची आहे' एवढ्याने भागत नाही, कारण ताबा म्हणजे हातात असणं एवढंच नाही.

सहारचा सामानवाला
आता भारताचं. आर्म्स अॅक्ट १९५९ मध्ये 'आर्म्स'च्या व्याख्येतच सुटे भाग आणि बनवायची यंत्रसामग्री येते. म्हणजे भावाला दाखवायला नेलेला रिकामा लोअर सुद्धा शस्त्रच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणं, विकणं यासारख्या गुन्ह्यांना किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. शिवाय अमेरिकेतून रिसीव्हर बाहेर नेण्यावर तिकडच्या निर्यात नियमांचंही बंधन आहे.

याहून जास्त लोक अडकतात ते रेंजच्या बॅगेमुळे. तीच सॅक घेऊन विमानात बसतात आणि मुंबईच्या एक्स-रेत एक काडतूस निघतं. लगेच गुन्हा नोंदला जातो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता असं दाखवून केस रद्द होऊ शकते, पण तोवर सुट्टी गेली, पासपोर्टची धाकधूक वेगळीच. रेंजची बॅग वेगळी ठेवा, प्रवासाला ती वापरूच नका. तरी वापरायचीच असेल तर अस्तर उलटं करून, शिवणीचे कोपरे चाचपून बघा; .२२ चं काडतूस तिथेच जाऊन बसतं.