नागपूरच्या महाल भागात तीन दिवसांचा महोत्सव करायचा, की त्याच पैशात दुसरं काही?

केळीबागचा_साडीवाला

महालात बडकस चौकाच्या आतल्या गल्लीत आमचं साड्यांचं दुकान. आजोबांनी टाकलं, बाबांनी वाढवलं, आता मी बसतो. एकेकाळी लग्नाचा बस्ता म्हटला की लोक डोळे मिटून इकडे यायचे. आता त्याच घरातल्या मुली वर्धा रोडच्या मॉलमध्ये जातात, नाहीतर मोबाइलवर मागवतात. माणसं मानेवाडा, बेसा, मनीषनगरला राहायला गेली, त्यांना तिथंच सगळं मिळून राहिलं. त्यात केळीबाग रोडची तोडफोड झाली. त्या धुळीत जे गिऱ्हाईक तुटलं ते परत वळलं नाही, आणि जिथं रस्ता मोकळा झाला तिथून लोक गाडीवर बसूनच निघून जातात. रात्री साडेआठला आमच्या गल्लीत अर्धी शटरं खाली असतात.

आता व्यापारी मंडळाच्या बैठकीत एक टूम निघाली आहे. दिवाळीनंतर चिटणीस पार्कात तीन दिवसांचा महोत्सव. मोठं स्टेज, मुंबईचा ऑर्केस्ट्रा, एलईडीची भिंत, उद्घाटनाला कोणीतरी नटी. त्यासाठी दर दुकानामागे वर्गणी. आकडा इथं लिहीत नाही, पण माझ्यासारख्याला तो जाणवणारा आहे. बाबा म्हणतात, देऊन टाक, चार लोकांत वाईटपणा नको.

मला विचारायचं हे की अशानं बाजार खरंच उठतो का? कोणी जवळून पाहिलं असेल तर सांगा. आणि तेवढेच पैसे तुमच्या हातात असते तर तुम्ही काय केलं असतं? "ऑनलाइन विका" हे उत्तर देऊ नका, ते करून राहिलोच आहे.

धरमपेठी_पेन्शनर

महोत्सव बिहोत्सव सोडा हो. पार्किंग करा. महालात गाडी लावायला जागा नाही म्हणून मी येत नाही. विषय संपला.

मंडप_बांधणारा

भाऊ, मी डेकोरेशनच्या धंद्यातला. तुमचं मंडळ ते स्टेज बांधायला ज्याला बोलावणार तो माझ्यासारखाच कोणीतरी. म्हणजे तुम्ही महोत्सव केला तर फायदा आमचाच. तरी सांगतो, करू नका.

स्टेजच्या मागच्या बाजूनं मी हे बघत आलो आहे. पार्कात येणारा माणूस गाडी लावतो, खुर्ची पकडतो, तीन तास बसतो, आणि कार्यक्रम सुटला की सगळे एकदम निघतात. तेव्हा तुमचं दुकान बंद असतं. उघडं असलं तरी रात्री दहाला कडेवर झोपलेलं पोरगं घेऊन कोण शालू उलगडून बघणार? त्या रात्री धंदा होतो पाणीपुरीचा, फुग्यांचा आणि पाण्याच्या बाटल्यांचा. वर्गणी मात्र साडीवाल्याची. शिवाय त्या वर्गणीतला मोठा भाग स्टेज, साउंड, जनरेटर आणि कलाकारांच्या बिदागीत जातो. चौथ्या दिवशी आम्ही बांबू उचलले की गल्ली होती तशीच.

गर्दी जमवणं जुन्या नागपुराला कोणी शिकवायची गरजच नाही. मारबतीचीच मिरवणूक घ्या, वाईटाचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायची. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात छतावर, गॅलरीत, ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. बडग्यावर, म्हणजे सोबतच्या टोमणे मारणाऱ्या पुतळ्यावर, यंदा कोणाची खरडपट्टी काढली ते वाचायला लोक कुठून कुठून येतात. आणि रस्त्यावरची शटरं त्या दिवशी खाली. बरोबरच आहे म्हणा, त्या धक्काबुक्कीत माल कोण मांडणार. पण मिरवणुकीच्या आगेमागेचे दिवस बघा ना. प्रतिपदेला मारबत आणि तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, चतुर्थीला गणपती, त्यानंतर दोन-तीन दिवसांत महालक्ष्म्या, म्हणजे गौरी. लाकडी बैल, चितार ओळीतल्या मूर्ती, महालक्ष्म्यांचे मुखवटे, त्यांना नेसवायच्या साड्या, हे घ्यायला माणूस आजही याच भागात येतो. मूर्तिकार गणपतीचे डोळे रंगवताना मॉलमध्ये दिसत नाही. पोरं ते बघत तासभर हलत नाहीत, आणि तासभर उभी राहिलेली आई हे तुमचं गिऱ्हाईक आहे.

तर तुमची पहिली वर्गणी त्या आठवड्यावर घाला. स्टेज नको. पावसाचे दिवस असतात म्हणून गल्लीवर छत, चांगला उजेड, प्यायला पाणी, आणि दुकानं साडेनऊपर्यंत उघडी. उघडी ठेवायला कायदा आडवा येत नाही. २०१७ च्या दुकान कायद्यानंतर महाराष्ट्रात कपड्याचं दुकान रात्री उशिरापर्यंत चालू शकतं. आपणच साडेआठला कुलूप लावून घरी जातो.

मग कोजागरीपासून संक्रांतीपर्यंत दर शनिवारी. दर शनिवारी म्हणजे दर शनिवारी. यंदा एकदा, मग पुढच्या वर्षी बघू, असं नाही, कारण लोकांच्या डोक्यात वार बसला की जाहिरात लागत नाही. एकच गल्ली, संध्याकाळी सहा ते साडेनऊ, गाड्या बंद. साडेनऊ काहून म्हणाल, तर दहानंतर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. २००० सालच्या ध्वनी नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते मोठ्या सणांतच खपतात. दुसरं, शेवटची मेट्रो दहाच्या सुमाराची. अग्रसेन चौकात नाहीतर चितार ओळी चौकात उतरून चालत आलेल्या माणसाला परतही जाता आलं पाहिजे. उन्हाळ्यात हा नाद करूच नका. मे महिन्यात आपला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्री नऊलाही डांबर फणफणत असतं.

गाणं-बजावणं पाहिजेच असेल तर खडी गंमत आणा, आपल्या विदर्भाचा तमाशा. नागपूर-भंडाऱ्याच्या खेड्यांत पार्ट्या आहेत अजून. ढोलकी, तुणतुणं, शाहीर आणि नाच्या, एवढ्यावर रंगते. स्टेज लागत नाही, लोक गोल करून उभे राहतात. अर्धा तास एका टोकाला, मग थोडं पुढं, मग आणखी पुढं. प्रेक्षक त्यांच्यामागे सरकतो, आणि सरकताना एकेका दुकानासमोरून जातो. स्टेज माणसाला खुंटीला बांधलेल्या बैलासारखं एका जागी ठेवतं. तुम्हाला तर तो चालता पाहिजे, आणि सावकाश चालता पाहिजे.

तुमच्या हातातलंही एक सांगतो. फॉल-पिकोवाला आत माळ्यावर बसवला असेल ना? शनिवारी त्याचं मशीन ओट्यावर काढा. शेजारी दोन बाकडी टाका.

पहिले काही शनिवार चहावाल्याशिवाय कोणाचा गल्ला वाढणार नाही, हेही आत्ताच ऐकून ठेवा. मंडळातले अर्धे लोक तिथंच कंटाळतात.

आणि पेन्शनर काका, तुमचं पार्किंगचं म्हणणं खोटं नाही. पण एकदा संध्याकाळी सहाला त्या गल्लीत उभं राहून बघा की दुकानांसमोरच्या टू-व्हीलर कोणाच्या आहेत. मालकाची, मालकाच्या मुलाची आणि तीन नोकरांची. त्या आधी हलवा, मग गिऱ्हाइकाच्या गाडीचं बोलू.

माहेर_महाल_सासर_मानेवाडा

मंडपवाल्या भाऊंनी फॉल-पिकोचं लिहिलं ते वाचून हसू आलं. साडी घेतली की दुकानदार म्हणतो, "ताई, पिको अर्ध्या तासात देतो." तो अर्धा तास मी घालवायचा कुठे? बसायला जागा नाही. चहाच्या टपरीवर सगळे पुरुष. स्वच्छतागृहाचं विचारलं तर प्रत्येक दुकानदार म्हणतो, आमच्याकडे नाही. मग तो स्वतः काय करतो?

महालातल्या बायका खरेदी झाली की धावत घरी जातात त्याचं खरं कारण हे आहे. मॉलमध्ये मी महाग साडी घ्यायला जात नाही, मी तिथं निवांत जाऊ शकते म्हणून जाते. आई माझ्याबरोबर असते, तिचे गुडघे दुखतात, तिला दर थोड्या अंतरावर टेकायला लागतं. वर्गणी जमलीच तर बायकांसाठी स्वच्छ, दिवा लागलेलं आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आधी करा. ते धुवायला माणूस ठेवा, नाहीतर महिन्यात त्याचं गोदाम होतं.

मला पार्किंग नको. रात्री सव्वानऊला मानेवाड्याला यायला तयार असलेला ऑटो पाहिजे. त्यांच्या स्टँडवर जाऊन बोललात का कधी?

इंदूरला_नोकरी_होती

कोणीतरी इंदूरच्या सराफ्याचं नाव काढणारच, म्हणून मीच काढतो. दिवसा सोन्याची पेठ, रात्री शटरं पडली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी. बघायला फार भारी. पण लगेच "आपल्या इतवारी सराफ्यातही करू" म्हणू नका. एक तर तिथं खाणारा येतो तेव्हा सराफ घरी गेलेला असतो, म्हणजे मूळ दुकानदाराच्या धंद्याला त्याचा उपयोग किती हा प्रश्नच आहे. दुसरं, तिथल्याच सराफांनी गॅस सिलिंडरच्या भीतीनं चौपाटी हलवायची मागणी लावून धरली होती. आपल्याकडे जुने वाडे, लाकडी माड्या, वर लोंबणाऱ्या वायरी. आणि इतवारीत ठोक बाजार, म्हणजे हमाल आणि मालाच्या गाड्या. तिथं तव्यांची रांग लावली तर भांडण ठरलेलं.

दिल्लीचा चांदणी चौक बघून या एकदा. २०२१ मध्ये लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद हा पट्टा सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंद केला. चालायला छान झालं, पण माल कधी उतरवायचा ही डोकेदुखी दुकानदारांच्या मागे लागली. मंडपवाल्यांचं बरोबर वाटतं मला, आठवड्यातून एक संध्याकाळ. तेवढ्यापुरता माल दुपारीच उतरवून घेता येतो.

पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात. वर्षातून एक दिवस. फोटो छान येतात.

केळीबागचा_साडीवाला

सगळ्यांचे आभार. ताई, ऑटोवाल्यांशी बोलायचं सुचलंच नव्हतं. स्वच्छतागृहाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्याकडे आहे आणि आम्ही नाही म्हणतो.

एक भीती आहे. शनिवारी गाड्या बंद केल्या की मोकळ्या रस्त्यावर हातगाड्या येऊन बसतील आणि रविवारीही उठणार नाहीत, असं मंडळातले लोक म्हणतात. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, मेन रोडवर दुकानदार आणि फेरीवाल्यांचा वाद हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत गेला, ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. त्यावर काय?

मंडप_बांधणारा

भाऊ, हातगाडीशिवाय रस्ता जिवंत होत नाही. साडी कोणी दर शनिवारी घेत नाही, तर्री पोहे घेतो. त्याच्यासाठी आलेली बाई सहज आत डोकावते. त्यांना शत्रू धरून सुरुवात केली तर पहिल्याच शनिवारी पोलीस बोलवावे लागतील.

२०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समिती आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावे लागतात. म्हणजे बोलायला माणसं आहेत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं गजरेवाली, बांगडीवाला, पोहेवाला बसत असतील, त्यांना आधी बोलवा. जागा त्यांच्याबरोबर खडूनं आखा, नावं लिहून घ्या, मग बाहेरून येणाऱ्या नव्या गाड्यांना तेच अडवतात. तुम्हाला अडवावं लागत नाही. शेगडी एका बाजूला, कापडाच्या दुकानांपासून लांब. ठिणगी तुमच्या बाहुलीच्या पदरावर उडाली तर पुढचा शनिवार होणार नाही.

तयारी करायचीच असेल तर मला गल्लीची रुंदी सांगा, अगदी निमुळती जागा धरून. ओटे आणि शटरच्या पायऱ्या सोडून मोकळी किती उरते ते. अग्निशमनची गाडी शिरेल एवढी वाट सोडूनच मी छत बांधतो, नाहीतर परवानगी मिळत नाही आणि मिळाली तरी मी घेत नाही. विजेचे खांब आणि लोंबत्या वायरी कुठे कुठे आहेत त्याचे फोटोही टाका.

धरमपेठी_पेन्शनर

शनिवारी मेट्रोनं येऊन बघेन. पोहे चांगले असले पाहिजेत.

केळीबागचा_साडीवाला

उद्या दुकान उघडायच्या आधी टेप घेऊन मोजतो आणि फोटो टाकतो. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणतात, अध्यक्षांच्या कानावर आधी घाल, नाहीतर ते रुसतील, अन् नटीचं त्यांनीच काढलं होतं.