मदत हवी आहे : एकाच आइस डान्सच्या दोन सादरीकरणांची तुलना कशी करायची?

गॅब्रिएला पापाडाकिस आणि गियोम सिझेराँ या बर्फावर स्केटिंग करत नाचणाऱ्या फ्रेंच जोडीचा २०१७-१८ च्या हंगामातला फ्री डान्स (स्पर्धेतला दुसरा, जास्त लांबीचा नाच), बेथोव्हनच्या 'मूनलाइट सोनाटा'वरचा, माझा फार आवडता आहे. बीजिंग, ग्रेनोब्ल, नागोया, मॉस्को असं करत तो फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या गांगनुंगच्या ऑलिम्पिकला आणि मार्चमध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेला पोहोचला. ऑलिम्पिकमध्ये त्याला १२३.३५ गुण मिळाले, मिलानमध्ये १२३.४७. मला मात्र गांगनुंगचा जास्त भिडतो. फरक नक्की कुठे आहे, हे काही केल्या कळत नाही.

दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पाहिले, पण कॅमेऱ्याचे कोन वेगळे. ऐन पावलांच्या वेळी एकीकडे पाय दिसतात, दुसरीकडे चेहरे. आवाज बंद करूनही पाहिलं. गुणतक्ते वाचता येतात : लेव्हल (म्हणजे प्रत्येक घटकाच्या अवघडपणाची पायरी) तांत्रिक पॅनेल ठरवतं, अंमलबजावणीचे आणि सादरीकरणाचे गुण पंच देतात, इतपत माहीत आहे. गुणपद्धत पुढच्या हंगामात बदलली, म्हणून तुलना याच हंगामापुरती ठेवली आहे. त्यांचे कॅनडाचे प्रतिस्पर्धी व्हर्च्यू-मॉयर श्रेष्ठ की हे, हा वाद इथे नको, प्लीज!

मी स्वतः कधी स्केटिंग केलेलं नाही, त्यामुळे ब्लेडची आतली-बाहेरची कड मला नीट ओळखता येत नाही. जाणकारांनी एवढंच सांगावं : स्टेप सीक्वेन्समध्ये (सलग पावलांच्या भागात) साध्या प्रेक्षकाने नेमकं काय पाहावं? आणि पंच वेगळे असताना दोन स्पर्धांमधल्या ०.१२ च्या फरकाला काही अर्थ असतो का?