मदत हवी आहे: रिसायकल बिनमधल्या निवडक फाइल्सच कायमच्या काढायच्या आहेत (विंडोज ११)

धागाकर्ता

२५६ जीबीची एसएसडी, सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. सी वर जेमतेम ६ जीबी उरलेत आणि बिनमध्ये ४० जीबीच्या आसपास सामान आहे. कार्यक्रमांचे जुने व्हिडिओ गेले तरी चालतील, पण हिशेबाच्या एक्सेल फाइल्स आणि स्कॅन केलेले सातबारे त्याच ढिगात आहेत. त्यामुळे 'एम्प्टी रिसायकल बिन' नको.

बिनमध्ये एक १८ जीबीचा फोल्डर अख्खाच्या अख्खा पडलाय. त्यातले फक्त व्हिडिओ काढायचे आहेत, पण डबल क्लिक केलं की प्रॉपर्टीज उघडतात, फोल्डर उघडत नाही. कमांड प्रॉम्प्टमधून लपलेल्या '$रिसायकल.बिन' फोल्डरमध्ये पाहिलं तर सगळी नावं विचित्र दिसतात. तिथूनच फाइल्स उडवल्या तर चालेल का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: तिथून काही उडवू नका. बिनमध्ये गेलेल्या प्रत्येक गोष्टीच्या डिस्कवर दोन नोंदी होतात. एकीचं नाव '$आर' आणि पुढे सहा अक्षरं-अंक, मग मूळ एक्स्टेन्शन. हा तुमचा खरा ऐवज. दुसरी '$आय' आणि पुढे तीच सहा अक्षरं. हिच्यात फाइलचं मूळ नाव, मूळ जागा, आकार आणि डिलीट केल्याची वेळ असते. नुसती आय उडवली तर आर डिस्कवर जागा अडवून बसते, पण बिनच्या खिडकीत दिसत नाही. नुसती आर उडवली तर परत आणायला काही शिल्लकच राहत नाही. बिनच्या खिडकीतून काढलं की दोन्ही एकदम जातात.

आता निवडायचं कसं. बिन उघडून 'डिटेल्स' व्ह्यू घ्या. नावाकडे बघू नका, 'ओरिजिनल लोकेशन' या रकान्यावर क्लिक करून सॉर्ट करा. एका फोल्डरमधून आलेल्या फाइल्स एकत्र येतात आणि हिशेब, सातबारे, व्हिडिओ बहुतेक आपोआप वेगळे होतात. याच रकान्यात दुसरी महत्त्वाची गोष्ट कळते: पत्ता सी ने सुरू होतो की डी ने. बिनची खिडकी एकच दिसत असली तरी प्रत्येक ड्राइव्हची बिन वेगळी असते. डी वरून आलेले २० जीबी काढले तरी सी वर एक एमबीही मोकळी होणार नाही. तुमची अडचण सी ची आहे, तेव्हा आधी सी वाल्याच फाइल्स बघा.

कंट्रोल दाबून एकेक, शिफ्ट दाबून सलग फाइल्स निवडा आणि डिलीट दाबा. येणाऱ्या चौकटीत किती आयटम्स जाणार ते लिहिलेलं असतं. तो आकडा खिडकीच्या खालच्या पट्टीवरच्या आकड्याशी जुळतोय का ते बघूनच 'येस' म्हणा. इथून गेलेलं कंट्रोल-झेडने परत येत नाही. एसएसडीवर ट्रिम (काढलेल्या फाइल्सची जागा आतून पुसून टाकणारी सोय) चालू असतं, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका.

ठेवायच्या फाइल्स थोड्या आणि काढायच्या खूप असतील तर उलट करा: ठेवायच्या तेवढ्या निवडा आणि वरच्या तीन टिंबांतून 'इन्व्हर्ट सिलेक्शन' घ्या.

फोल्डरचं म्हणाल, तर बिनमध्ये असताना त्याच्या आत शिरता येत नाही. तो कट करून त्याच ड्राइव्हवर दुसरीकडे पेस्ट करा. ड्राइव्ह तोच असला की डेटा कॉपी होत नाही, नुसती नोंद हलते, म्हणून ६ जीबी मोकळे असले तरी १८ जीबीचा फोल्डर बाहेर येतो. मग आतले व्हिडिओ शिफ्ट-डिलीटने काढा. साध्या डिलीटने ते पुन्हा बिनमध्येच जातील आणि जागा जिथल्या तिथे.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण क्रम बदला. सातबारे आणि एक्सेल आधी रिस्टोअर करा, साफसफाई मागून. बिन भरली की विंडोज सर्वांत जुन्या फाइल्स न विचारता काढायला लागतं. शिवाय सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, स्टोरेज सेन्स इथे बघा: ते चालू असेल तर बिनमध्ये ३० दिवसांपेक्षा जास्त पडलेलं आपोआप जातं. तिथे १, १४, ३०, ६० दिवस किंवा 'नेव्हर' निवडता येतं. हव्या त्या कागदांची जागा बिनमध्ये नाहीच.

धागाकर्ता

सी चं झालं, फोल्डरही बाहेर आला. आता डी उघडताना 'रिसायकल बिन करप्टेड आहे, रिकामी करायची का' असं विचारतंय. डी वरच्या काही एक्सेल अजून आतच आहेत. एके ठिकाणी 'आरडी' (फोल्डर काढून टाकणारी) कमांडने अख्खी बिनच उडवा असा सल्ला वाचला.

प्रतिसाद १

सध्या 'नो' म्हणा. आरडीने बिन नव्याने तयार होते हे खरं, पण त्या ड्राइव्हवरचं सगळ्या यूजर्सचं बिनमधलं सामान त्यात जातं.

आधी आर फाइल्स वाचवा. कमांड प्रॉम्प्टच वापरा. फाइल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडला तर नेहमीची बिनच दिसते. 'हूअॅमआय /यूजर' दिल्यावर एस-१-५ ने सुरू होणारा लांब क्रमांक येईल, त्याच नावाचा उपफोल्डर तुमचा. त्यात जाऊन 'डीआयआर /ए' ने यादी बघा आणि '$आर' ने सुरू होणाऱ्या एक्सेल फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी म्हणजे कॉपीच, मूव्ह नको. पॉवरशेलमधून (विंडोजची दुसरी कमांड-खिडकी) करत असाल तर पत्ता एकेरी अवतरणात घाला, नाहीतर डॉलरपुढचं अक्षर व्हेरिएबल समजलं जातं. नावं हरवलेली असतील, पण फाइल्स उघडतात. अख्खा फोल्डर टाकलेला असेल तर त्याच्या आतली नावं मूळचीच राहतात. कॉपी केलेली प्रत्येक फाइल उघडून बघा, मग 'येस' म्हणा.

प्रतिसाद ३

याच विषयात जोडप्रश्न. उबुंटूमध्ये पेन ड्राइव्हवरून फाइल्स काढल्या तरी जागा भरलेलीच दाखवतंय.

प्रतिसाद २

विंडोज पेन ड्राइव्हच्या फाइल्स बिनमध्ये ठेवत नाही, लिनक्स ठेवतं. पेन ड्राइव्हवरच '.ट्रॅश-१०००' असा लपलेला फोल्डर तयार होतो. १००० हा तुमचा यूजर क्रमांक. पेन ड्राइव्ह लावलेला ठेवून डाव्या पट्टीतला ट्रॅश उघडा आणि नको ते तिथून काढा. निवडक काढायला 'ट्रॅश-सीएलआय' हे पॅकेज चांगलं: 'ट्रॅश-लिस्ट' यादी देतं, 'ट्रॅश-आरएम' नमुन्यात बसणाऱ्या फाइल्सच काढतं, 'ट्रॅश-एम्प्टी ३०' दिलं तर ३० दिवसांहून जुन्या तेवढ्याच जातात. 'ट्रॅश-आरएम'ला तारका (*) असलेला नमुना देताना तो अवतरणात हवा. अवतरण विसरलं तर शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) त्या तारकेचा अर्थ तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथल्या फाइल्सवरून लावतं आणि ट्रॅशमध्ये भलतंच शोधलं जातं.